काळ्या-पिवळ्याच्या खालचा पांढरा

आमच्या आप्पांची अँबॅसिडर माझ्या धाकट्या भावानं खरवडून पांढरी केली, त्याला आता वर्ष होत आलं. तरी कुणी विषय काढला की माझा आवाज चढतो. नवरा म्हणतो, पत्र्याची गाडी ती, किती दिवस धरून बसणार? बसणार. गाडीला हात लावताना मला कुणी विचारलं नव्हतं, तेव्हा राग कधी सोडायचा हेही कुणी सांगू नये.

ती गाडी निपाणीत आमच्या दारात उभी असायची, अंगानं काळी आणि टपावर पिवळी. आप्पांनी उभी हयात तिच्यावर टॅक्सी मारली. वखारीत तंबाखू निवडणाऱ्या बायका, तारखेला बेळगावच्या कोर्टात जाणारे शेतकरी, मिरजेच्या दवाखान्यात न्यायचे पेशंट, कोल्हापूरहून परतणारी वऱ्हाडं, सगळी तिच्यातून गेली. मागच्या सीटला तंबाखूचा वास होता, कितीही धुतली तरी तो जायचा नाही. जयंतीला बॉनेटवर निळा झेंडा लागायचा आणि त्या दिवशी वस्तीतल्या कुणाकडून भाडं घ्यायचं नाही, असा आप्पांचा नेम होता. त्याच कमाईवर मी शिकून हायस्कूलला मास्तरीण झाले आणि भाऊ इंजिनियर झाला. आई गेल्यापासून आप्पा माझ्याकडंच असतात. परमिट कधीच संपलं, पण सकाळी उठून गाडी पुसायची, सुरू करायची, जरा वेळ इंजिन ऐकायचं आणि मगच चहाला आत यायचं, हे त्यांचं चुकलं नाही.

भाऊ बेळगावला असतो. गेल्या वर्षी एका रविवारी आला आणि म्हणाला, "आप्पा, गाडी घेऊन जातो, चांगली सर्व्हिसिंग करून देतो." आप्पांनी लगेच किल्ली काढून दिली. पोरगं आपणहून गाडीकडं बघतंय, यातच त्यांना सगळं आलं. पुढं तीन आठवडे झाले तरी गाडी आली नाही. आप्पा रोज सकाळी फडकं घेऊन दारात जायचे आणि तसेच परत यायचे.

मी भाचीच्या वाढदिवसाला बेळगावला गेले तेव्हा भावानं मोठ्या कौतुकानं मला घरामागच्या शेडमध्ये नेलं. तिथं एक पांढरीशुभ्र अँबॅसिडर उभी होती. मला खरंच वाटलं, यानं दुसरी जुनी गाडी घेतली. मग नंबर बघितला.

"कशी दिसतीया?" तो म्हणाला.

"आप्पांची गाडी कुठाय?"

"हीच की गं आक्का. सगळा पत्रा मोकळा केला. काळ्याच्या खाली वरिजिनल कलर निघाला बघ. कंपनीचा. तोच शेड मिळवून आणला."

मग त्यानं मला समजावून सांगितलं. बेळगावात जुन्या गाड्यांची रॅली होती. तिच्यात एक बक्षीस 'सर्व्हायवर' गाडीला होतं, म्हणजे कंपनीतून निघाली तेव्हा जशी होती तशीच आजवर टिकून राहिलेल्या गाडीला. काळी-पिवळी घेऊन गेलो तर टॅक्सी म्हणून गेटावरनंच परत लावतील, असं त्याचं म्हणणं.

"मग परवा रंगवलेली गाडी जशीच्या तशी कशी रं?"

"कलर कंपनीचाच हाय की. आतलं सगळं जुनंच हाय. धरत्यात ते."

"आणि आप्पांनी लावलेला?"

"तो काय, ब्रशनं फासलेला ऑइल पेंट. त्याला रिपेंट म्हणत्यात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी वर्षं ऊन-पाऊस खाऊन टिकलेला रंग नकली, आणि आठ दिवसांपूर्वी मशीननं उडवलेला असली. हे शहाणपण कुठल्या कॉलेजात शिकवतात ते मला माहीत नाही, पण त्याची फी आम्ही भरली होती.

रंगवल्यानं गाडी दुसरी होते, असं मी म्हणत नाही. कल्हई केली म्हणून पातेलं बदलत नाही. आप्पांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, दात तर सगळेच बसवलेले आहेत, म्हणून त्यांना कुणी नवा माणूस म्हणत नाही. वापरलेल्या वस्तूला डागडुजी लागतेच, आणि ज्या गाडीला जन्मभर कुणाचा हातच लागला नाही ती गाडी जगली कुठं? ती नुसती ठेवलेली होती. आप्पा स्वतः दर खंडेनवमीला उडालेल्या पोपड्यांवर ब्रश मारायचे आणि ब्रशचे केस बॉनेटवर चिकटून राहायचे. माझा राग रंगवण्यावर नव्हता. त्या गाडीचा खरा रंग कुठला, हे ज्यानं ठरवलं त्याच्यावर होता.

कारण ती पांढरी होती तेव्हा ती आमची नव्हती. एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं ती नवी घेतली होती आणि आप्पा त्याचे ड्रायव्हर होते. मालक माणूस म्हणून वाईट नव्हता, असं आप्पा अजून म्हणतात. म्हणोत. पण त्यांचा चहा घरात नाही, गाडीपाशी यायचा, आणि कप त्यांनीच विसळून कट्ट्यावर पालथा घालायचा. आई त्या पांढऱ्या गाडीत एकदाही बसली नाही. माझ्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा ती शेजारणीचा हात धरून सरकारी दवाखान्यात चालत गेली. गाडी तेव्हा मालकाचे पाहुणे आणायला बेळगावला गेली होती, आप्पांसकट.

पुढं मालकानं नवी गाडी घेतली आणि ही आप्पांना विकली. आप्पांनी काळ्याचे आणि पिवळ्याचे डबे आणले आणि घरामागं उभी करून स्वतःच्या हातानं रंगवली. टॅक्सीला तो रंग लागायचाच, हे खरं. पण आई सांगायची, शेवटचा पांढरा तुकडा झाकेपर्यंत ते जेवायला उठले नाहीत. माझा भाऊ जन्मला तो त्यानंतर. दवाखान्यातून घरी आला तो त्याच काळ्या-पिवळ्या गाडीतून, आईच्या मांडीवर, पुढच्या सीटवर. ज्यानं कधी ती पांढरी बघितलीच नाही, त्याला पांढऱ्याचा एवढा पुळका.

हे सगळं मी त्याला त्या शेडमध्ये तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "आक्का, तू सगळ्यातच हे आणतीस." मी केक न खाता परत आले.

आप्पांना रॅलीला बोलावून सरप्राइज द्यायचं, त्यांना सांगू नको, असं त्यानं मला बजावलं होतं. मी घरात पाऊल टाकल्याबरोबर सांगितलं. आप्पा खुर्चीत बसले होते. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत घातला. "समदी खरवडली?" एवढंच विचारलं. मी व्हय म्हटलं. मी तर त्यांच्याकडून शिव्यांची वाट बघत होते. ते म्हणाले, "जाऊया की रॅलीला. बोलावलंय तर जायाचं."

रॅलीच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, टोपी घातली. आम्ही बसनं बेळगावला गेलो. मैदानावर गाड्या ओळीनं उभ्या होत्या, एकीपेक्षा एक चकचकीत, आणि त्यांच्या मालकांनी गॉगल लावलेले. आमचा भाऊही गॉगल लावून उभा होता. आप्पा पांढऱ्या गाडीजवळ गेले. मला वाटलं, हात फिरवतील. त्यांनी दोन्ही हात मागं बांधले आणि एका बाजूला सरकून उभे राहिले.

परीक्षक आले, कोल्हापूरकडचे कुणी मोठे शौकीन. त्यांनी वाकून डॅशबोर्ड बघितला, सीट बघितली, पत्र्यावर टिचकी मारली. भाऊ फाडफाड इंग्रजीत बोलत होता. त्यातलं 'वन फॅमिली, फ्रॉम द बिगिनिंग' माझ्या कानावर आलं आणि मी पुढं सरले. पण त्याआधी परीक्षकांनीच आप्पांकडं वळून विचारलं, "आजोबा, सुरुवातीपासून तुमच्याकडंच का ही?"

"न्हाय साहेब," आप्पा म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "ही मालकांची. मी चालवायला हुतो. माझी काळी-पिवळी हुती, ती ह्यानं खरवडून टाकली."

भावानं गॉगल काढला. परीक्षक भावाकडं वळून म्हणाले, "म्हणजे पेंट ओरिजिनल नाही तर?"

एवढंच त्यांनी ऐकलं. एका माणसानं आपली सगळी हयात दोन वाक्यांत सांगितली आणि या गृहस्थांना त्यातून रंगाची पंचाईत तेवढी कळली. मी त्यांना चार शब्द सुनावले, ते इथं लिहीत नाही. ते शेजारच्या फियाटकडं गेले.

"आप्पा, गप बसला असतासा तर काय झालं असतं?" भाऊ म्हणाला. तो सोडतो म्हणाला तरी आप्पा त्या गाडीत बसले नाहीत. आम्ही रिक्षानं स्टँडवर आलो आणि निपाणीची बस धरली.

भाऊ वाईट नाही, हे मला लिहावं लागतं कारण तो माझा भाऊ आहे. पंधरा दिवसांनी तो गाडी घेऊन निपाणीला आला, पेंटरलाही बरोबर घेऊन. बैल गेला आणि झोपा केला. आप्पांच्या पुढ्यात उकिडवा बसला आणि म्हणाला, "आप्पा, चुकलं माझं. जुने फोटो काढलेत मी. परत काळी-पिवळी करून देतो, हुबेहूब. ब्रशनंच मारायला सांगतो."

आप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. रागावलेले नव्हते ते, आणि मला त्याचाच राग आला.

"नको रं," ते म्हणाले. "मी लावलेला गेला. आता तू लावलास तर नुसतं सोंग हुईल. इकून टाक तिला. पांढरी हाय तवर इक. मालकाची गाडी इकायला मला काय वाटायचं न्हाय."