नाल्यातलं उलटं पाणी

“मॅडम, आधी साइटवर या. पोरं डंपर खाली करू देत न्हाईत.”

बाळारामशेठचा हा फोन आला तेव्हा मी ऑफिसात दुसऱ्याच एका प्लॅनवर काम करत होते. मी सिव्हिल इंजिनिअर. भिवंडीत माझं छोटं कन्सल्टन्सी ऑफिस होतं. दोन हजार सालानंतरची ती वर्षं काल्हेर पट्ट्यात गोदामांची होती. भाताची खाचरं भरावाखाली जात होती आणि त्यावर पत्र्याची गोदामं उभी राहत होती. बाळारामशेठची वडिलोपार्जित जमीन खाडीला लागूनच होती. तिथल्या चार गोदामांचं डिझाइन माझं होतं.

साइटवर पोचले तर तीन डंपर मातीने भरून उभे. मे महिन्याचं ऊन. जमिनीच्या मधून जाणाऱ्या कोरड्या नाल्याच्या काठावर पाच कॉलेजची मुलं उभी होती. घोषणा नाहीत, फलक नाहीत. पुढे उभ्या असलेल्या मुलीच्या हातात एक जाड वही होती, एवढंच.

“मॅडम, इंजन बंद करूं क्या?” पहिल्या डंपरच्या ड्रायव्हरने मला विचारलं. मी म्हटलं, करा.

मुलीचं नाव कल्पना. काल्हेरचीच, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजच्या निसर्ग मंडळातली ही मुलं.

“मॅडम, तुम्ही इथे पाइप टाकून वरून भराव करणार आहात ना?” तिने विचारलं.

“हो. नऊशेचे दोन.” म्हणजे तीन फूट व्यासाचे सिमेंटचे दोन मोठे नळ. नाल्याचं पाणी त्यांतून खाडीला जाणार, वरची जमीन सपाट होणार आणि शेठना एक गोदाम जास्त मिळणार. सरळ हिशोब होता.

“ते पुरणार नाहीत,” ती म्हणाली. “आम्ही तीन पावसाळे मोजलंय.”

मला हसू आलं. पण वही हातात घेतली.

पत्र्याच्या डब्याचं पर्जन्यमापक करून या मुलांनी रोजचा पाऊस मोजला होता. गावच्या रस्त्यावर, शेठच्या जमिनीच्या जरा वर, नाल्यावर एक जुनी दगडी मोरी आहे. तिच्या भिंतीवर तळापासून दर दहा सेंटिमीटरला रंगाची रेघ मारली होती. पाणी कितव्या रेघेला लागलं ते रोज वेळेसकट लिहिलेलं. सुरुवात तिवरांसाठी, म्हणजे खारफुटीसाठी झाली, कल्पनाने सांगितलं. नाल्याच्या तोंडाशी तिवरांची दाट झाडी होती. तीत चिंबोऱ्या, निवट्या मासे, कोळंबीची पिल्लं. ही झाडी कोणत्या महिन्यात किती पाण्यात उभी असते, ते या मुलांना बघायचं होतं.

मी जुलैचं पान काढलं. एका दिवशी डबा जवळजवळ भरलेला, पण नाला चौथ्या रेघेवर. त्यानंतर आठवड्याभराने पाऊस थोडासा, आणि नाला नवव्या रेघेवर.

“हे चुकलंय,” मी म्हटलं. “कमी पावसाला जास्त पाणी कसं येईल?”

“तिथी बघा, मॅडम.”

शेवटच्या रकान्यात तिथी लिहिली होती. पहिल्या नोंदीला सप्तमी, दुसऱ्या नोंदीला पौर्णिमा.

माझं हसू तिथेच थांबलं. खाडीला दिवसातून दोनदा भरती येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ती मोठी असते, त्याला उधाण म्हणतात. सप्तमी-अष्टमीला छोटी, तो भांग. उधाणाला खाडीच नाल्याच्या तोंडावर चढून बसते. मग पावसाचं पाणी बाहेर जायला वाटच नसते. उलट खाडीचं पाणी नाल्यातून आत येतं.

मी डिझाइन करताना पाऊस धरला होता. खाडीचं तोंड मात्र कायम मोकळं धरलं होतं.

“आजच्या दिवस डंपर परत पाठवा,” मी डंपरपाशी उभ्या शेठना म्हटलं.

“मॅडम, तुमीपन?”

“एक आठवडा द्या.”

शेठ चप्पल आपटत गाडीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मी डंपी घेऊन गेले. डंपी म्हणजे तिपाईवरची दुर्बीण, तिच्यातून जमिनीचा चढउतार मोजतात. मुलांच्या रेघा माझ्या नकाशावरच्या लेव्हलशी जुळवल्या. एखाददुसरा सेंटिमीटर इकडेतिकडे, बाकी रेघा चोख होत्या.

मग मुलांना ऑफिसात बोलावलं. बंदराचं भरती-ओहोटीचं छापील कोष्टक एका बाजूला, त्यांची वही दुसऱ्या बाजूला, असे दिवसामागून दिवस ताडून बघितले. पावसाळ्याचा स्वभाव त्या वहीत दिसत होता. जूनमध्ये जमीन तहानलेली, चांगला पाऊस पडला तरी नाला जेमतेम वाहायचा. जुलैच्या शेवटी तेवढाच पाऊस झाला की जमीन एक थेंब घेत नव्हती, सगळं पाणी नाल्यात. आणि नेमकी त्याच दिवसांत मोठी उधाणं. सप्टेंबरात संध्याकाळी गडगडाटी सरी, पण तासाभरात नाला खाली.

सगळं जुळत होतं. फक्त ऑगस्टातले दोन दिवस जुळेनात. पाऊस नाही, ओहोटीची वेळ, तरी पाणी सातव्या रेघेवर.

“हे कोणी लिहिलं?” मी विचारलं.

नीलेश नावाचा मुलगा टेबलाकडे बघत म्हणाला, “मी. ते दोन दिवस मी गेलोच नव्हतो. घरी पाहुणे होते. अंदाजाने लिहिलं.”

कल्पनाने त्याच्याकडे पाहिलं. “आणखी कुठले?”

“नाही. हे दोनच.”

तिने माझ्या टेबलावरचं लाल पेन उचललं, त्या दोन ओळींवर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, “नोंद घेतली नाही.” नीलेशचे कान लाल झाले होते. मला त्याला रागवावंसं वाटलं नाही. मी स्वतः त्या साइटवर फेब्रुवारीत एकदा, एका सकाळी गेले होते. नाला कोरडा होता. बाकीचं मीही अंदाजानेच धरलं होतं आणि त्यावर सही केली होती.

आता शेठना सांगायचं होतं.

“पाइप नकोत,” मी म्हटलं. “नाला आहे त्या रुंदीने उघडा ठेवायचा. ट्रकसाठी वरून स्लॅबचा पूल. प्लिंथ, म्हणजे गोदामाचं जोतं, दीड फूट वर. आणि तोंडाशी तिवरं आहेत तिथे भराव नाही.”

“म्हंजे चौथं गोदाम गेलं.”

“हो.”

“दुसरा इंजिनिअर पाइप टाकून देईल.”

“देईल. मग माझी ड्रॉइंग्ज मला परत द्या. त्यांवर मी काम होऊ देणार नाही.”

 मी आवाज चढवला नव्हता. तेव्हा माझ्याकडे ते सगळ्यात मोठं काम होतं.

मग मी म्हटलं, “परवा पौर्णिमा आहे. दुपारी साडेबाराला साइटवर या. नंतर काय ते ठरवा.”

वेळ कल्पनाने काढून दिली होती. खाडीकाठचा हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. आत काल्हेरपर्यंत पाणी चढायला आणखी तास-सव्वा तास लागतो.

पौर्णिमेला आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. नाल्यात फक्त तळाला थोडा ओला चिखल. मी पाइपच्या उंचीची, तीन फुटांची पट्टी नाल्यात रोवून ठेवली. शेठ आले. डोक्यावर टॉवेल घेऊन काठावर उभे राहिले. मुलंही जरा लांब उभी होती.

बाराच्या सुमारास तिवरांकडून पाणी आलं. आवाज नाही. गढूळ पाणी जिभेसारखं चिखलावरून पुढे सरकत होतं, मागे रुंद होत होतं. साडेबाराला ते पट्टीवर अडीच फुटांच्या खुणेला लागलं.

“पाऊस न्हाय तरी एवढं,” शेठ म्हणाले.

“आता यावर जुलैचा पाऊस धरा.”

ते खाली बसले. पाण्यात हात घातला. 

“हितं माझ्या बापाची उघाडी व्हती,” ते म्हणाले. मग कल्पनाकडे बघून, “तुला म्हाईत हाय उघाडी काय ते?”

“नाही, काका.”

“बांधातला लाकडी दरवाजा. भरतीला बंद, ओहोटीला उघडायचा. खारं पानी शेतात न्हाय आलं पायजे, नि पावसाचं पानी बाहेर गेलं पायजे. बाप तिथी बघून उठायचा. आमी शेती सोडली नि तिथीपन सोडली.” ते उठले, टॉवेलला हात पुसले. “करा, मॅडम. पूल करा. तिवरांना हात लावू नका.”

पावसाळ्याआधी भराव आणि जोती झाली, पूल कसाबसा उरकला. जुलैच्या शेवटी अमावास्येच्या उधाणात दोन दिवस सलग मुसळधार पाऊस झाला. आसपासच्या काही गोदामांत गुडघाभर पाणी शिरलं, कापडाच्या गाठी भिजल्या. शेठच्या जोत्याच्या वरच्या कडेखाली वीतभर अंतर ठेवून पाणी थांबलं आणि ओहोटीला उतरलं. सगळंच काही साधलं नाही. जवळचा रस्ता दोन दिवस पाण्यात होता, ट्रक अडकले. मी रस्त्याची लेव्हल तपासलीच नव्हती. पलीकडच्या काठावर कोणीतरी राडारोडा टाकून थोडी तिवरं मारली. मुलांनी दोन रविवार तो उचलला, पण सगळी झाडं परत आली नाहीत.

कल्पनाच्या मंडळाला मी लेव्हल मोजायची जुनी पट्टी देऊन टाकली. कल्पना शिकून बाहेर पडली तेव्हा वही मागच्या वर्गातल्या मुलांकडे गेली. नंतरच्या वर्षांत काल्हेरच्या दोन-तीन कामांना मी त्या वहीची झेरॉक्स जोडली.

क्लायंट अजून विचारतात, “मॅडम, सर्व्हे किती दिवसांत होईल?” खाडीकाठची जमीन असेल तर मी एक पावसाळा मागते. निम्मे क्लायंट दुसरीकडे जातात. उरलेल्यांना मी आधी गावात पाठवते, तिथे पाण्याची नोंद ठेवणारं कोणी आहे का ते विचारायला. बहुतेक वेळा असतं, आणि बहुतेक वेळा ते विशीच्या आतलं असतं.