सुमनकाकूच्या कणसाच्या पानग्या

दीड महिन्यापूर्वी लताचा फोन आला. "ताई, आई गेली," एवढंच म्हणाली. तिची आई, सुमनकाकू, जोगेश्वरीच्या चाळीत आमची शेजारीण. ऐंशीच्या दशकात नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा तिने पानग्या विकून घर चालवलं. गावी पानगी केळीच्या पानात भाजतात. इथे पान विकत घ्यावं लागे. म्हणून ती भुट्टेवाल्याने टाकलेली कणसाची सालं गोणीभर उचलून आणायची, गॅलरीत वाळवायची आणि करताना कोमट पाण्यात भिजवून मऊ करायची. तांदळाचं पीठ, गूळ, नारळ त्यात गुंडाळायचं, सालीच्याच दोरीने बांधायचं आणि तव्यावर ठेवायचं. साल करपली की पानगीला गोडसर, धुरकट वास यायचा.

नवरा तिला मारायचा. पट्ट्याने, लाटण्याने, एकदा तापलेल्या उलथन्याने. भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं आणि आम्ही रेडिओ मोठा करायचो... लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

एका दुपारी तो ओरडला, "कचऱ्यातली सालं उचलतेस, लोक हसतात मला." वाळत घातलेल्या सालांवर त्याने रॉकेल ओतलं आणि काडी टाकली. क्षणात भडका उडाला. काकू सालं वाचवायला धावली, तर त्याने केस धरून तिला जाळातच ढकललं. पदर पेटला. तिची किंकाळी ऐकून माझ्या आईने पहिल्यांदा दार उघडलं. ओलं पोतं काकूवर टाकलं, आणि तो पुन्हा अंगावर आला तेव्हा लोखंडी बादली त्याच्या तोंडावर हाणली. त्याचे दोन दात फरशीवर पडले.

इस्पितळात काकूच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. आई रडत होती. काकू तिला म्हणाली, "दार उघडलस ता बरा केलस. पन उशीर केलस गो."

ती त्या घरात परत गेली नाही. लताला घेऊन कांदिवलीला बहिणीकडे राहिली. बोटं आखडली होती, तरी वर्षभरात तिथेही सालं वाळू लागली. गाठ मारताना एक टोक दातात धरायची. नवरा दोनदा आला, दोन्ही वेळा तिने पोळपाट उगारून त्याला जिन्याखाली घालवला.

परवा लताला भेटायला गेले. ती म्हणाली, "शेजारी कुठे मारहाण ऐकू आली की आई जाऊन कडी वाजवायची. 'जरा मीठ दे गो' म्हणत दार उघडेपर्यंत उभी." मग तिने फडताळ उघडून दाखवलं. वाट्या, डबे, कागदाच्या पुड्या... सगळ्यांत मीठ.