डोळ्यात चुना गेला

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, तिच्या शेवटच्या दिवसांत तिच्या उशाशी बसून होतो तेव्हाही नाही. मुलीला नाही. इथे जपानमध्ये, उरायासुला तिच्याच घरी राहतो मी. आत्ता ती शेजारच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये आहे आणि मी दार लावून लिहितोय. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस दार लावून लिहितोय — हसू नका.

कुठून सुरुवात करू? चित्रांपासून करतो. ते सोपं आहे — म्हणूनच बहुतेक मी नेहमी चित्रांपासून करतो.

फ्रान्समध्ये एका लहानशा नदीकाठी मठाचं जुनं चर्च आहे. त्याच्या छतावर आणि तळघरात नऊशे वर्षांपूर्वी कुणीतरी चित्रं काढली. काव, पिवडी, चुन्याचा पांढरा, जरासा हिरवा, बस एवढेच रंग. छतावर भाऊ भावाला मारतो. तळघरात त्याहून वाईट. दोन भावांनी आपला धर्म सोडला नाही म्हणून शिपाई त्यांचं अंग लोखंडी नखांनी ओरबाडतायत, चाकाला बांधून फिरवतायत. नवल म्हणजे त्या शिपायांच्या चेहऱ्यावर राग नाही. शेत नांगरावं तसे ते माणूस ओरबाडतात.

जपानमधल्या एका संग्रहालयासाठी त्या तळघराची हुबेहूब, मूळ मापाची नक्कल करायची होती. काम क्योतोबाहेरच्या एका कार्यशाळेकडे आलं. मी तेव्हा चौतिशीत होतो, मुंबईच्या कलाशाळेतून शिष्यवृत्तीवर आलेला, स्वतःच्या हातावर खूष. ओल्या चुन्यावर, तो वाळायच्या आत रंगवायचं काम. आम्ही नऊ जण होतो. सगळ्यांत पक्का हात हिराताचा. माझ्याहून सात वर्षांनी मोठा, कमी बोलणारा, पण बोलला की बोचणारा.

तिथला नियम एकच होता. जे आहे तेवढंच रंगवायचं. पोपडा पडला असेल तर पोपडा रंगवायचा, भेग असेल तर भेग. जे पुसलं गेलंय ते पुसलेलंच ठेवायचं. आपल्याकडून एक रेघही भरायची नाही.

एका शिपायाचा चेहरा मूळ भिंतीवर उरलेलाच नव्हता. खांदे, उगारलेला हात, हातात ती नखं — आणि वर नुसता करडा डाग. मी त्याला चेहरा दिला. का दिला? मला वाटलं, मला जमेल. आणि चेहरा दिला तो रागावलेला, दात आवळलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराता परांचीवर चढला, चित्रासमोर उभा राहिला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "केरुकारु-सान, चेहरा तुमचाच काढलात की. फक्त मिशी विसरलात."

केळकर त्यांना म्हणता यायचं नाही. सगळे हसले. कार्यशाळा चालवणारे गुरुजीसुद्धा हसले. मीही हसलो, मिशीवरून हात फिरवला. चांगला खिलाडू माणूस!

दुपारी बाकीचे जेवायला गेले. मी परत वर आलो तर हिराता एकटाच होता आणि बारीक पात्याने तो चेहरा खरवडत होता. तसं बारीक काम करताना डोळ्यांवरचा संरक्षक चष्मा धुरकट होतो, म्हणून त्याने तो कपाळावर सरकवला होता. माझ्याकडे वळून तो शांतपणे म्हणाला, "इथे काही नाही, केरुकारु-सान. इथे काही नव्हतंच."

त्याचा आवाज शांत होता. तोच मला सहन झाला नाही.

आणि मग डोळ्यात चुना गेला.

पाहिलंत? आत्तासुद्धा. याच वाक्यावर मी चव्वेचाळीस वर्षं जगलोय. आपल्या मराठीत ते किती सहज बसतं — चुना गेला. जपानीतही तसंच, हाइत्ता. गेला. जणू चुन्याला पाय होते. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा हे क्रियापद पहिल्यांदा हिरातानेच वापरलं. डोळ्यांवर पट्टी होती, तोंड सुजलं होतं, आणि तो म्हणाला, हाइत्ता. मी पलंगाशी उभा होतो. तो थांबला. मी पुढे बोलावं म्हणून थांबला का? मला तेव्हा तसं वाटलं होतं. आजही वाटतं. मी म्हणालो, "सुमिमासेन."

माफ करा म्हणा, आभार म्हणा, हा शब्द इथे चहा आणून दिला तरी म्हणतात, कुणाच्या पायावर पाय पडला तरी म्हणतात. मला माहीत होतं, त्यातून कुणालाच काही कळणार नाही. मी तो रोज म्हणत राहिलो. लोक म्हणत, किती भला माणूस, रोज इस्पितळात येतो.

त्याचा उजवा डोळा गेला. एका डोळ्याला अंतर कळत नाही. कुंचला भिंतीला कधी टेकतो ते कळत नाही. हिराता सासऱ्याच्या तोफूच्या दुकानात गेला. त्याची जागा मला मिळाली. संग्रहालयातल्या पाटीवर माझं नाव पहिलं आहे.

गेल्या महिन्यात संग्रहालयाने ती नक्कल कशी झाली याच्या पुस्तिकेचा मसुदा तपासायला पाठवला. त्यात एक ओळ होती — संरक्षक चष्मा न वापरण्याच्या हिराता यांच्या निष्काळजीपणामुळे त्यांच्या डोळ्यात चुना गेला. खाली माझ्या शिक्क्यासाठी रिकामा चौकोन, इथे सहीऐवजी शिक्काच मारतात.

मी ती ओळ खोडली. लाल शाईने लिहिलं, केळकर यांनी चुना फेकला. आणि तो कागद घेऊन गेल्या आठवड्यात क्योतोला गेलो.

पंच्याऐंशीचा झालाय हिराता. चहा ओतताना डाव्या हाताचं बोट कपाच्या कडेवर ठेवतो, कप कुठे आहे ते कळावं म्हणून. बोटाला चटका बसत असणार. माझ्यादेखत दोनदा ओतला त्याने, दोन्ही वेळा बोट कडेवर.

कागद त्याने डाव्या डोळ्याजवळ धरून वाचला. बराच वेळ. मग म्हणाला, "पाण्याचं लिहिलं नाहीत."

मी माझ्याच लाल अक्षरांकडे पाहिलं.

"टब पडल्याचा आवाज आला होता मला. मग फळ्यांमधून खाली पाणी गळायला लागलं." त्याने कागद माझ्यापुढे ठेवला. "तुम्ही तेव्हा जास्तीचं रंगवायचात, केरुकारु-सान. आता कमी रंगवताय. जे आहे तेवढं लिहा."

एवढंच. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्याने मान हलवली आणि टीव्हीचा आवाज वाढवला. सुमो चालू होतं.

तर जे आहे तेवढं.

घमेल्यात भिजवलेला ताजा चुना होता. मी थापीने नाही, हाताने उचलला, हातमोज्यात मूठभर. हिराता तीन पावलांवर होता. मी तो त्याच्या उघड्या डोळ्यांवर नेम धरून फेकला. तो ओरडला नाही, आधी नुसता श्वास आत ओढला. मग गुडघ्यांवर पडला आणि स्वतःच्याच चेहऱ्याला ओरबाडू लागला, दहाही बोटांनी. "मिझु," म्हणाला, "मिझु." पाणी. पाण्याचा टब माझ्या पायाशी होता, आणि तो आंधळ्यासारखा हात पसरून नेमका त्याच दिशेने सरकत येत होता. मी टबाला लाथ मारली. चुकून धक्का लागला नाही. पाय मागे घेऊन मारली. पाणी फळ्यांतून खाली गेलं. मग मी उभा राहिलो आणि पाहत राहिलो. किती वेळ? खालून जेवून परतणाऱ्यांचे आवाज येईपर्यंत. ते ऐकल्यावर मी ओरडत खाली धावलो, पाणी आणा, पाणी आणा.

मला त्या क्षणी राग नव्हता. चुना फेकताना होता. लाथ मारताना नव्हता. त्या दोन्हींमध्ये माझा चेहरा कसा होता, ते पाहणारं तिथे कुणी नव्हतं. हिराताला दिसत नव्हतं.

तो शिपाई अजून संग्रहालयात आहे. खांदे, उगारलेला हात, वर करडा डाग. तो डाग मीच रंगवला, हिराता काम सोडून गेल्यानंतर, नियमाप्रमाणे. लोक म्हणतात, सगळ्या नकलेत तो भाग सर्वांत हुबेहूब उतरलाय.

आज सकाळी मसुद्यात दुसरी ओळ घातली — पाण्याचा टब केळकर यांनी लाथेने पाडला. चौकोनात शिक्का मारला. मुलीची मीटिंग संपल्याचा आवाज येतोय. लिफाफा टेबलावर उघडा ठेवलाय, आधी ती वाचेल, मग टपालात जाईल.

चुना गेला नव्हता. मी फेकला. पाणी सांडलं नव्हतं. मी सांडलं.