गॅलरीतल्या तारेवरचं पान

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोअर परळच्या ऑफिसात होतो. "मामा, आई गेली," भाची म्हणाली, आणि मला आधी आठवली ती ताईच्या गॅलरीतली कपडे वाळत घालायची तार. त्याला आता दीड महिना झाला. एक गोष्ट कबूल केल्याशिवाय तिच्याबद्दल लिहायचा मला हक्क नाही, असं वाटत राहिलं म्हणून इतके दिवस लिहिलं नाही.

शालूताई माझी थोरली बहीण. शाळेत चित्रकला शिकवायची. निवृत्तीनंतर परळच्या चाळीतल्या आमच्या जुन्या खोलीत ती शुभेच्छापत्रं आणि चित्र छापलेले कप करायला लागली. चित्र तिच्या हातचं, अक्षरं माझ्या लॅपटॉपवरची, त्यामुळे माझा रविवार तिथेच जायचा. कोणी काम घेऊन आलं की तिचा पहिला प्रश्न असे, "तुम्ही त्यांना हाक काय मारता?" ती हाक ऐकून मग फॉन्ट ठरायचा. आजीसाठी गोल, ऐसपैस. साहेबांसाठी सरळ, उभा. मी एखादा वेलबुट्टीचा फॉन्ट दाखवला की म्हणायची, "सुन्या, हे अक्षर आहे की वरातीतला बँडवाला?" छापलेला नमुना ती चिमट्याने तारेवर अडकवायची, गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला जायची आणि चष्मा काढून वाचायची. वाचता आलं नाही तर फॉन्ट बाद. "म्हाताऱ्या माणसाला कार्ड द्यायचं आणि वाचायला त्याने शेजाऱ्याला बोलवायचं... मग द्यायचं कशाला?"

गेल्या वर्षी बुद्धपौर्णिमेच्या सुमारास आमच्या चाळीतल्या एक नर्सबाई निवृत्त होणार होत्या. त्यांच्या निरोपसमारंभात वाटायला कप करायचे होते. ताईने पिंपळाचं पान काढलं. तोवर तिचा हात थरथरायला लागला होता. पानाच्या कडा डुगडुगत्या, देठ वाकडा. मला लाज वाटली... हो, लाजच. घरी येऊन मी नेटवरून एक गुळगुळीत पान उचललं, कप बाहेर छापून घेतले आणि परस्पर पोचवले. ताईला सांगितलं, "तुझं पान सगळ्यांना फार आवडलं." ती नुसती हसली. त्यानंतर तिने एकही नवं चित्र काढलं नाही. विचारलं की म्हणायची, "बघू पुढच्या रविवारी."

ती हॉस्पिटलात होती तेव्हा, एका दुपारी भेटीच्या वेळेत, मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

"माहितीये," ती म्हणाली. "बाई मला एक कप देऊन गेल्या होत्या. तुझं पान चांगलं आहे रे. पण एकाच बाजूला छापलंस, उजव्या हाताने पिणाऱ्यालाच दिसतं. तू स्वतः डावखुरा, तुला कळू नये?"

मी तिची उशी सारखी केली.

"आणि हात थरथरतो हे मला सांगायचं होतंस. मला काय दिसत नव्हतं? म्हणून तर पिंपळ निवडला. पिंपळाचं पान कधी स्थिर असतं का, वेड्या?" जरा दम घेऊन तिने विचारलं, "माझं चित्र फेकलंस?"

"नाही. कपाटात आहे."

"मग छाप एकदा. आणि आधी तारेवर लावून बघ."

रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने मला काम दिलं. त्याबद्दल मी किती ऋणी आहे, हे तिला सांगायचं राहून गेलं. चौथ्या दिवशी ती गेली.

परवाच्या रविवारी ते पान छापून मी तिच्या तारेवर अडकवलं. गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला गेलो, चष्मा काढला. वारा होता. कागद किती हलतोय आणि पान किती, ते मला सांगता येईना. मग ते कपाच्या दोन्ही बाजूंना छापून घेतलं. सकाळचा चहा आता मी त्याच कपातून पितो, डाव्या हाताने. पान माझ्याकडे असतं.