बटण लावलेला खिसा

गाडी घेऊन कुणीही गेलं की ते आधी हात पुढे करायचे. पंजा उघडा, ग्रीसने काळा झालेला. "चावी." काय झालं, कसं झालं, हे सगळं नंतर. चावी हातात पडली की ती खाकी शर्टाच्या खिशात जायची आणि खिशाचं बटण लागायचं. ते बटण त्यांनी स्वतः काढेपर्यंत गाडी तुमची नाही, एवढं तुम्ही समजून घ्यायचं.

जूचंद्रला आमच्या इमारतीसमोर त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं आणि गॅरेजच्या मागे घर. गावातल्या जुन्या शेतकरी घरातले. फौजेत ट्रक दुरुस्त करायचे, एक लढाई पाहून परत आले होते. सगळे त्यांना मेजर म्हणत. "मी नाईक होतो," ते सांगत. "मेजरला पाना धरता येत नाय." मी नायगावच्या शाळेत शिकवणारा, कोकणातून येऊन फ्लॅट घेतलेला. त्यांच्या लेखी मी मास्तर.

आपल्याकडे पावसाळ्यात काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. खाडीचं पाणी आणि आभाळाचं पाणी एकाच वेळी येतं आणि खाली उभ्या केलेल्या गाड्या बुडतात. पाणी ओसरलं की माणूस पहिलं काय करतो? गाडी चालू होते का ते बघतो. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला की आतला रॉड वाकतो किंवा तुटतो आणि इंजिन कामातून जातं. हे ते दर वर्षी घसा फोडून सांगायचे आणि दर वर्षी कुणीतरी मान खाली घालून यायचं.

"एकदाच ट्राय केलं, काका," नव्या टॉवरमधला एक तरुण म्हणाला.

"लगीन पन एकदाच केलंस ना?"

त्याची बायको शेजारीच उभी होती. आधी तीच हसली.

पाणी दर वर्षी थोडं वर यायचं. नवे लोक म्हणायचे, इथे फार पाणी भरतं हो. ते शांतपणे म्हणायचे, "पानी जुनंच हाय. तुमी नवीन आलात." मिठागरं आणि भाताची शेतं बुजली, आता ते पाणी जाणार कुठे, यावर ते बोलत नसत. बोलून काही होणार नाही हे त्यांना आमच्या आधी कळलं होतं.

स्वातंत्र्यदिनाला आमची सोसायटी त्यांना झेंड्यासाठी बोलवायची. इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, कडक सलाम करायचे. मुलांनी लढाईची गोष्ट मागितली की म्हणायचे, "आमी गाड्या ढकलायचो," आणि लाडू खिशात घालून निघून जायचे.

मला मात्र त्यांनी एकदा सांगितलं. दुपारची वेळ होती, लाकडाच्या भुशाने हात घासत होते. सरहद्दीवरच्या एका ओढ्यात त्यांचा ट्रक बंद पडला. मागे जखमी पोरं झोपवलेली. वरून तोफेचे गोळे. सगळे ओरडत होते, चालू कर, चालू कर. "मला म्हाईत होतं, मास्तर. इंजिन पानी प्यालंय. तरी स्टार्टर मारला." रॉड तुटून इंजिनाच्या बाहेर आला. पोरांना खांद्यावरून न्यावं लागलं. दोन वाटेतच गेली. "साहेबानं पाठ थोपटली. म्हनाला, तुझा दोष नाय. त्याला कुठं इंजिन कळत होतं?"

त्या दिवशी मला तो मोठा धडा वाटला होता. आता वाटतं, ऐकलाच नसता तर बरं झालं असतं.

गेल्या पावसाळ्यातली ती सकाळ. रात्रभर बुडालेली माझी व्हॅन पाणी गुडघ्याखाली आल्यावर आम्ही ढकलत गॅरेजपाशी नेली. ते बाकावर बसले होते, एक हात छातीवर, घामाने डबडबलेले. फोन केला तर अँब्युलन्स हायवेला अडकलेली. रिक्षा नाही. गल्लीतल्या बाकीच्या गाड्याही बुडालेल्या. ढकलायला आलेले दोघे जण हातगाडी शोधायला पळाले. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, आणि मी त्यांना व्हॅनच्या मागच्या सीटवर झोपवलं. मी पुढे बसलो, चावी लावली.

मागून हात आला. पंजा उघडा.

"चावी."

"काका, एकदा बघतो—"

"मास्तर. चावी द्या."

मी दिली. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप गेला. त्यांनी ती खिशात टाकली, बटण लावलं आणि वर तळवा ठेवला.

"आवं, द्या ना त्यांना," काकू रडायला लागल्या. "तुमच्या पाया परते."

"रॉड जाईल. मग कसले नेताय? आधी प्लग काढा."

मी पुढची सीट उचलून तिच्याखालचं इंजिन उघडलं. ते मागून एकेक सांगत होते, मी करत होतो. तीन प्लग काढले. गिअर टाकून काकूंनी आणि मी गाडी ढकलली, तेव्हा प्लगच्या भोकांतून गढूळ पाणी उडालं. "आलं ना पानी?" ते म्हणाले. आवाजात समाधान होतं, खोटं कशाला सांगू. मी फडक्याने प्लग पुसायला घेतले. दुसरा प्लग पुसून, पुढे काय, म्हणून विचारलं, तर उत्तर आलं नाही.

चावी फिरवली असती तर गाडी कदाचित पोहोचलीही असती. कदाचित तिथेच मेली असती. डॉक्टर म्हणाले, वेळेत पोहोचले असते तरी वाचले असते असं सांगता आलं नसतं. पाठ थोपटल्यासारखंच ते.

चौथ्या दिवशी काकूंनी चावी आणून दिली. अंगावरचा शर्ट उतरवताना ते बटण काकूंनीच काढलं होतं. व्हॅन अजून गॅरेजपुढेच उभी होती. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं, ते बदललं. बॅटरी चार्ज करून लावली, प्लग बसवले, सगळं त्यांच्या पद्धतीने, घाई न करता. मग चावी फिरवली.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

आवाज ऐकून काकू मागच्या दारातून बाहेर आल्या. पदराला हात पुसत माझ्याकडे बघत राहिल्या.

"झाली चालू?"

मी मान डोलावली.

"मंग बंद करा, मास्तर," त्या म्हणाल्या.