गुडघाभर पाणी

आमच्या ख्रिस्ती मंडळीत साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभं राहिलं की बायका आधी पदर डोळ्यांना लावतात आणि मग बोलायला लागतात. मला ते जमत नाही. माझा स्वभाव तापट आहे, आणि आमचे हे पाळक असूनही त्यांना तो बदलता आलेला नाही. म्हणून माझी साक्षही माझ्याच पद्धतीने होईल. त्या वर्षी मी देवाशी अबोला धरला होता. उपासनेला जायचे, गाणी म्हणायचे, सगळ्यांबरोबर डोळेही मिटायचे. पण आतून त्याच्याशी एक शब्द बोलत नव्हते. माझ्या नवऱ्याचा उजवा हात त्याने नेला होता. तो परत मिळेपर्यंत आपलं त्याचं काही बोलणं नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आमचं गाव वडीगोद्रीपासून जवळच. बाप्टिस्ट मंडळी, पत्र्याचं प्रार्थनाघर, आजूबाजूच्या वस्त्यांवरून चालत किंवा मोटरसायकलवर येणारी माणसं, एवढाच आमचा पसारा. माझं लग्न झालं तेव्हा हे जालन्याला लोखंडी सळयांच्या कारखान्यात कामाला होते. जेवणाच्या सुट्टीत पवित्र शास्त्र वाचत बसायची यांची सवय. हळूहळू लोक आपला डबा आणि आपलं दुःख दोन्ही घेऊन यांच्याजवळ बसायला लागले. कोणाचा बाप दवाखान्यात, कोणाची बायको माहेरी निघून गेलेली. हे फार बोलायचे नाहीत, ऐकून घ्यायचे आणि शेवटी हळू आवाजात प्रार्थना करायचे. एक दिवस घरी येऊन म्हणाले, "मला पाचारण झालंय." मी विचारलं, "कुठून फोन आला?" त्यांना हसू फुटलं आणि मला कळलं की नोकरी गेली.

माझ्यापेक्षा सासूबाईंना जास्त लागलं. मी त्यांना आत्याबाई म्हणते. लोकांच्या शेतात खुरपून त्यांनी या एकुलत्या पोराला शिकवलं होतं. तरी त्यांनी आरडाओरडा केला नाही. चुलीपाशी बसून एवढंच म्हणाल्या, "देवानं बोलावलं म्हन्तो, मंग जा. पर आलेल्या लोकायला उपाशी वाटंला लावू नको." आणि दुसऱ्या रविवारपासून उपासनेनंतरचा भात स्वतः शिजवायला लागल्या. मी रस्त्यालगत शिवणकामाचं दुकान टाकलं. घर माझ्या मशीनवर आणि मंडळी आत्याबाईंच्या पातेल्यावर चालली, असं मी जाहीरपणे म्हणते आणि हे मान डोलावतात. त्यांच्या उपदेशाला दाद मिळते तेव्हा त्यातला थोडा भाग माझा आहे असं मला वाटतं, आणि ते वाटायची मला मुळीच लाज नाही. पंचक्रोशीत कोणी आजारी पडलं की तो आमच्या मंडळीचा आहे की नाही हे न बघता माणसं यांना हाक मारतात. बौद्ध वाड्यातली माणसंही मारतात आणि मळ्यातली पाटील मंडळीही. असा नवरा मिळाल्याचा मला गर्व आहे.

पण आत्याबाई स्वतः बाप्तिस्मा घेत नव्हत्या. आमच्यात तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणूस कळता झाला, त्याने स्वतःहून मागितला, की पाळक त्याला पाण्यात नेतो, मानेखाली हात घालून मागे झुकवतो, पूर्ण बुडवतो आणि वर काढतो. जुनं आयुष्य पाण्यात राहिलं, नवं वर आलं, असा त्याचा अर्थ. त्यासाठीचे पांढरे झगे मीच शिवते आणि घेरात लोखंडी वॉशर घालते, नाहीतर कापड पाण्यावर फुग्यासारखं तरंगतं. आत्याबाई दर रविवारी मागच्या सतरंजीवर बसून सगळं ऐकायच्या, पण विषय निघाला की हात झटकायच्या. "ज्याला म्या मांडीवर घेऊन न्हाऊ घातलं, त्यो मला बुडवनार व्हय?" यावर सगळी मंडळी हसायची आणि हेही हसायचे. पण यांना ते कुठेतरी टोचायचं, हे मला माहीत होतं.

मग एका सकाळी बुटाची नाडी बांधताना यांचा हात तिथेच थांबला. लकवा होता. पाय सुधारला, वाकडं झालेलं तोंडही सरळ झालं, आवाज परत आला. उजवा हात मात्र आला नाही. तो अंगाला नुसता लटकून राहायचा. उपदेश करता येत होता, लोकांना भेटायला जाता येत होतं, पण बाप्तिस्म्याला दोन्ही हात लागतात. एक हात मानेखाली आणि दुसऱ्याने त्या माणसाचे जोडलेले हात धरायचे. माणूस पाण्यात आपलं सगळं वजन पाळकावर टाकून देतो. मंडळीचे सगळ्यांत थोरले कारभारी, ज्यांना आम्ही काका म्हणतो, त्यांना हे एक दिवस म्हणाले, "काका, ज्याला मानूस पान्यातून वर काढता येत न्हाई त्यानं पाळक म्हनून उभं राहू नये. दुसरा कुनी बघा." काकांनी खूप समजावलं, मंठ्याहून पाळक बोलावून बाप्तिस्मे उरकू म्हणाले. पण यांचं ठरलं होतं. मी दाराआड उभी राहून ऐकत होते आणि माझा देवाशी अबोला आणखी पक्का झाला.

त्यानंतरच्याच रविवारी भात वाढून झाल्यावर आत्याबाई पळी हातात घेऊन काकांसमोर येऊन उभ्या राहिल्या. "मला बाप्तिस्मा घ्यायचाय," त्या म्हणाल्या. सगळे घास हातात धरून बघत राहिले. "पर पान्यात माझं पोरगंच पायजे. मंठ्याचं बिलकुल न्हाई चालनार."

हे ताट बाजूला सारून म्हणाले, "आई, माझ्या हातानं आता व्हायचं न्हाई."

"मंग माझं बी व्हायचं न्हाई," असं म्हणून त्या पातेलं घासायला निघून गेल्या.

शेवटी आईच्या हट्टापुढे नमून त्या आठवड्यात यांनी अंगणात गोधडीची वळकटी करून एका हाताने झुकवायचा सराव केला. वळकटी दर वेळी घरंगळून खाली पडायची. मी मशीनवर बसून खिडकीतून बघायचे आणि सुई माझ्या बोटात जायची. नेहमी आम्ही बाप्तिस्म्याला गोदावरीवर जातो, पण उतरणीवर यांचा पाय अजून ठरत नव्हता. मग मोसंबीच्या बागेवाल्या मालकांनी त्यांचा सिमेंटचा हौद वापरायला दिला. आत्याबाईंनी त्यांच्याकडे पुष्कळ वर्षं खुरपणी केलेली. ते माळकरी माणूस, पण म्हणाले, "मावशी, बागंचं पानी हाय. झाडाला पडलं काय अन् तुमच्या डोक्यावर पडलं काय, बराबरच हाय. म्या काठोकाठ भरून ठिवतो."

रविवारी सगळे बागेत पोहोचलो तर मालक हौदापाशी कपाळाला हात लावून उभे. विजेच्या डीपीचा फ्यूज जळाला होता आणि मोटार बंद पडली होती. हौदात जेमतेम गुडघाभर पाणी होतं. "लई वाटलं होतं भरंल म्हनून," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, जसं काही फ्यूज त्यांनीच जाळला. काकांनी पाण्यात काठी घालून बघितली आणि मान हलवली. एवढ्या पाण्यात उभा माणूस कसा बुडवणार? पुढं कधीतरी बघू, असं ते म्हणाले.

मी यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना बरं वाटलं होतं. सुटलो, असं त्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. हात गेला तेव्हा मी रडले नाही, पण तो सुटकेचा चेहरा मला बघवेना. बागेच्या कडेला जाऊन मी एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा देवाशी बोलले. ती प्रार्थना नव्हती, भांडण होतं. हात नेलास तो नेलास, निदान पाणी तरी द्यायचंस. यांची तुला काही कदर आहे की नाही, असं मी त्याला तोंडावर विचारलं.

मागून पाण्याचा आवाज आला म्हणून वळून बघितलं. आत्याबाई हौदात उतरल्या होत्या. माझा वॉशरवाला झगा त्यांनी सकाळीच नाकारला होता, म्हणून आपल्या रोजच्या हिरव्या लुगड्यातच. मधोमध जाऊन त्या पाय लांब पसरून पाण्यात बसल्या. पाणी त्यांच्या छातीपर्यंत आलं.

"ये," त्या यांना म्हणाल्या. "असा काय बघून राह्यला? लेकराला न्हाऊ घालायला काय हीर भरून लागती का?"

हे काठावरच उभे. "आई, एकच हात हाय माझा."

"तुला न्हाऊ घालताना म्या काय दोन हातानं धरायची? एका हातानं धरायचं अन् दुसऱ्यानं पानी घालायचं. धरायला एकच हात लागतो रे. पानी तर हाये हितं. ये जल्दी, गार लागून राह्यलं."

यांनी चपला काढल्या आणि मालकांनी दंड धरून त्यांना हौदात उतरवलं. हे आईच्या शेजारी गुडघे टेकून बसले आणि डावा हात तिच्या मानेखाली घातला. उजवा हात पाण्यात नुसता तरंगत होता. आत्याबाईंनी तो उचलून आपल्या छातीवर घेतला आणि दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवला. मग डोळे मिटून मान मागे टाकली, अगदी बिनघोर. यांनी पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने म्हटलं. आवाज कापत होता, पण एकही शब्द सुटला नाही. आई पूर्ण पाण्याखाली गेली आणि त्या एका हाताने तिला वर आणलं.

आत्याबाईंनी तोंडावरून पाणी निपटलं आणि पहिलं वाक्य काय बोलल्या असतील? "नाकात पानी गेलं की रे! तू बी असाच बोंबलायचा." मंडळी रडत होती ती एकदम हसायला लागली. हे मात्र आईच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखे रडले, आणि तिने ओल्या हाताने त्यांची पाठ थोपटली.

आम्ही बागेत बसून भात खात होतो तेव्हा वीज आली. मोटार सुरू झाली, नळीतून पाणी धो धो पडायला लागलं आणि आमच्या डोळ्यांदेखत हौद भरत गेला. मालक म्हणाले, "बघा, आता आली! सकाळीच आली असती तर?" मी घास तसाच धरून बसले. सकाळीच आली असती तर हौद काठोकाठ भरला असता. त्या खोल पाण्यात यांना एका हाताने आईला सावरता आलं नसतं आणि आत्याबाईंना खाली बसताच आलं नसतं. मी ज्या पाण्यासाठी देवाशी भांडले, ते त्याने तेवढा वेळ धरून ठेवलं होतं की फ्यूज आपला नेहमीसारखा जळाला होता, हे मी सांगू शकत नाही. मला वाद घालायचा नाही. मी फक्त तिथेच मान खाली घालून त्याचे आभार मानले. अबोला सुटला होता.

यांचा हात अजून तसाच आहे. मी तो अजूनही मागते, कारण मागणं काही मी सोडलेलं नाही. पण द्यायचं किती आणि कधी, हे आता त्याच्यावर सोपवते. काकांनी दुसरा पाळक शोधला नाही. बाप्तिस्मा घेणारे आता आमच्याकडे पाण्यात बसतात, पाळकाचा उजवा हात स्वतःच्या छातीशी धरतात आणि मागे झुकतात. बाहेरून आलेल्यांना नवल वाटतं, आमची हीच रीत झाली आहे. आत्याबाई काठावर टॉवेल घेऊन उभ्या असतात आणि पोराकडे अशा बघतात की त्यापुढे माझा गर्व काहीच नाही असं वाटतं. बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी बागेचे मालक न चुकता फोन करतात. वीज आहे, हौद काठोकाठ भरू का, असं विचारतात. फोन मीच उचलते.

"नको भाऊ," मी म्हणते, "आमच्या पाळकांना गुडघाभर पुरतं."