हातापायांचे भाव

माझे यजमान गेल्यावर कुंभिवलीजवळची दगडाची खाण मीच चालवायची ठरवली, तेव्हा दीर म्हणाले, "वहिनी, हे बायकांचं काम नव्हे." मी म्हटलं, "मग उद्यापासून तुम्ही या उन्हात." ते काही आले नाहीत. खाण चालली. घाटातल्या रुळांखाली टाकायची खडी आम्ही गाड्या भरभरून कर्जतला पोचवत होतो.

कामाला सगळे डोंगरावरच्या वाडीतले ठाकर. मग आमच्या सुरुंगवाल्याचा उजवा हात गेला. बार का उडेना म्हणून तो बघायला गेला आणि तेवढ्यात उडाला. मी त्याच्या घरी भात पाठवला, औषधपाणी केलं, त्याच्या बायकोला लुगडं दिलं. पण हात कुठून देणार होते? आणि त्याच्या जागी सुरुंग भरायला उभा राहिला कोण, तर त्याचाच पाठचा भाऊ. आता दोन घरांच्या चुली त्या एकाच्या जिवावर. तो वात पेटवून पळायला लागला की तो आडोशाला पोचेपर्यंत मी त्याची पावलं मोजायची.

खडी पसंत करायला आलेल्या गोऱ्या इंजिनेरानं एकदा बोलता बोलता सांगितलं, की त्याच्या देशात कामावर माणूस जायबंदी झाला तर मालकाला भरपाई द्यावी लागते, म्हणून मालक आधीच विमा उतरवून ठेवतात. झालं! माझ्या डोक्यात तेच बसलं. दीर हसले. "जित्या माणसाच्या हाताचा कसला विमा? आणि तोही ठाकरांच्या?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच दुपारी खालापूरच्या शाळेतल्या मास्तरांना गाठलं आणि म्हटलं, "मुंबईतल्या विमा कंपन्यांकडून दर मागवायचेत. काय काय कळवावं लागेल ते सांगा."

मास्तर म्हणाले, कोण काय काम करतो, वय काय, आधी कुठं इजा झाली आहे का, हे कळल्याशिवाय कोणी दर सांगणार नाही. चला तर मग! दुसऱ्या दिवशी त्यांना खाणीवर आणून बसवलं. ते एकेकाला पुढं बोलावत, वय विचारत, हातपाय वळवून बघत. मधेच मी, मेलं माझं तोंड, मोठ्यानं म्हटलं, "नीट लिहा हो मास्तर, मुंबईहून हातापायांचे भाव यायचेत!"

त्यानंतरच्या सकाळी खाणीवर चिटपाखरू नव्हतं.

मी पदर खोचला आणि डोंगर चढून वाडीवर गेले. सगळी माणसं अंगणात बसलेली, पण कोणी 'ये' म्हणेना. शेवटी एक म्हातारी फणकारली, "बाई, बाजारात आमी बकरं नेतो तवा काय करतात? वय इचारतात, दात बघतात, पाय चाचपतात, मंग भाव सांगतात. पुढं बकऱ्याचं काय होतं, ते आमाला ठावं नाय व्हय?"

"अगं बये!" मी कपाळाला हात लावला. हसावं की रडावं कळेना. "मी काय तुमाला इकाया काढलंय गं? दरसाल कंपनीला पैसं मी भरायचं. कुणाला इजा झाली, तर कंपनीनं त्याच्या घरी पैसं द्यायचं. मी किती भरू, एवढंच इचारायचंय."

"भरायचं तू आन मिळायचं आमाला? असं कुठं असतं का?"

"नसंल. पर मी इचारणार. एकीनं नाय म्हटलं तर दुसरीला इचारीन, तिनं नाय म्हटलं तर आणखी कुणाला."

म्हातारीनं तोंड फिरवलं. तेव्हा कुडाला टेकून बसलेला सुरुंगवाला बोलला, "मला काय मिळंल का गं त्यातून?"

"तुला नाय रं. होऊन गेल्याचं काय मिळत नाय." खोटं बोलवेना. त्याच्याकडे बघवेना.

तो कुडाचा आधार सोडून उठला. मग बाकीच्यांना म्हणाला, "माझा हात गेला, तवा त्याचा भाव कुणी इचारला नाय. ही इचारतेय, तर इचारू द्या की."

दुसऱ्या दिवशी खाणीवर सगळ्यांच्या आधी त्याचा भाऊ आला. मास्तरांनी अजून दौतीचं झाकणही उघडलं नव्हतं. तो न बोलावता पुढं झाला आणि त्यांच्यासमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला.